विलंबित भीती : डूम आणि स्लज मेटल ऐकताना



मागच्या खेपेला आपण करुणरसावर बोललो. व्याख्यान संपले, सतरंज्या गुंडाळणे सुरू झाले, तेवढ्यात एका गृहस्थांनी आमच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि ते घाईने निघून गेले. नाव आम्ही सांगणार नाही. चिठ्ठीत लिहिले होते : "सर, शोक ऐकूनही माणसाला समाधान मिळते असे तुम्ही म्हणालात. माझा मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी आला आहे. दिवसभर खोलीत अंधार करून कानाला हेडफोन लावून बसतो. राक्षस कण्हतो आहे असा आवाज असतो. डूम मेटल म्हणतात म्हणे. हेडफोन काढून घेऊ का?"

आता हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मास्तराला विचारावा का, हा वेगळा प्रश्न. पण विचारला आहे. आणि "आमचा हा विषय नाही" म्हणून चिठ्ठी खिशात ठेवून देणे आम्हाला जमले नाही. त्याचे कारण पुढे येईल. तेव्हा गेले तीन महिने, धानाची रोवणी आटोपल्यापासून, आम्ही हे संगीत ऐकतो आहोत. वयाच्या सत्तरीनंतर. घरच्यांना आधी वाटले की टीव्ही बिघडला.

आमची गुरू म्हणजे आमची नात. ती पुण्याला शिकते. आम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायला बसलो तर तिने फोनवरच थांबवले : "आबाजी, असं ऐकू नका. मोबाइलमधून तो खालचा आवाज येतच नाही. नुसती खरखर ऐकाल आणि म्हणाल कचरा आहे." तिने हेडफोन पाठवला. तेव्हा कळले की पोरगी बरोबर होती. या संगीताचा अर्धा जीव खालच्या स्वरांत असतो, आणि चिठ्ठी देणाऱ्या वडिलांनी आजवर दाराबाहेरून जे ऐकले ते बहुधा त्याचे वरचे टरफल होते.

आधी नावांचा उलगडा करू. 'डूम' म्हणजे अटळ विनाश. 'स्लज' म्हणजे गाळ, चिखल. दोन्ही हेवी मेटल नावाच्या मोठ्या घराण्याच्या शाखा. बाकीचे मेटल पुष्कळदा धावते. मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके पडतात असेही असते. डूम मात्र पन्नास-साठवर येते, कधी त्याच्याही खाली. स्लजमध्ये त्या संथपणात पंक संगीताचा कडवटपणा आणि ओरड मिसळते. या दोघांत मध्येच शांत जागा, लांबून येणारे प्रतिध्वनी, एकट्या गिटारचे थेंब थेंब स्वर असे सगळे आले की पोरे त्याला 'ॲटमॉस्फेरिक' म्हणतात. म्हणजे वातावरण उभे करणारे. गाणे सांगितले जात नाही, त्यात जाऊन बसायचे असते.

आपल्या भागात स्लज समजावून सांगायला फार कष्ट नकोत. रोवणीच्या आधी बांधीत चिखल करतात, त्यात तुम्ही चालला आहात. पाय घोट्याच्या वर रुततो. उचलायचा तर आधी चिखल सोडायला तयार नसतो, मग 'चप्प' असा आवाज होऊन सोडतो, आणि पुढच्या पावलाला पुन्हा तेच. या चालीत घाई करता येत नाही. घाई केली की तोंडावर पडाल. स्लजची लय ही अशी आहे. वाजवणारे आळशी म्हणून ती संथ नाही. प्रत्येक ठोका चिखलातून उपसून काढावा लागतो म्हणून संथ आहे.

हे कुठून आले? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातून. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, वर चामडे लावले, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. पुढे 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बममध्ये काही गाण्यांसाठी त्याने तारा चांगल्या दीड स्वर खाली उतरवल्या. सैल तार दाबायला सोपी, आणि तिचा आवाज जड, भरलेला. पितळेची भांडी घडवणाऱ्या भंडाऱ्यात हे सांगताना आम्हाला विशेष वाटते. धातूच्या कामाने हाताचे काय होते हे इथल्या जुन्या कारागिरांना सांगायला नको.

त्यांच्या बँडचे नाव ब्लॅक सॅबथ. पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला, त्याचेही नाव 'ब्लॅक सॅबथ', आणि त्यातल्या पहिल्या गाण्याचेही तेच. सुरुवातीला पाऊस पडतो, लांब कुठेतरी घंटा वाजते. मग गिटारवर फक्त तीन स्वर. आपल्या भाषेत : सा, वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. संपले. हेच परत परत. अशा परत परत येणाऱ्या तुकड्याला 'रिफ' म्हणतात. आपला मुखडा जसा फिरून समेवर येतो तसे समजा. डूम मेटलचे झाड या तीन स्वरांतून उगवले असे जाणकार मानतात, आणि ऐकल्यावर ते पटते.

सा आणि तीव्र मध्यम हे अंतर सप्तकाच्या बरोबर मध्ये पडते. युरोपात त्याला 'संगीतातला सैतान' असे नाव पडले. चर्चने त्यावर बंदी घातली होती वगैरे कथा सांगतात, त्या कथाच आहेत. पण आम्हाला गंमत वाटली ती वेगळीच. अहो, तीव्र मध्यम तर आपल्या यमनमध्ये आहे! शाळकरी पोरगी पेटीवर पहिला राग शिकते तो पुष्कळदा यमनच. तिला कधी सैतान दिसला का? म्हणजे भीती त्या अंतरात नाही. यमनमध्ये तीव्र मध्यम पुढे पंचमाकडे जातो, त्याला घर सापडते. सॅबथच्या त्या गाण्यात तो तिथेच उभा राहतो, थरथरत, आणि पंचम काही येत नाही. आपल्याकडे याच्या जवळचे काही शोधायचे तर मारवा आठवावा. संध्याकाळचा राग, पंचम वर्ज्य, षड्जावरसुद्धा गवई फार टेकत नाही. उस्ताद अमीर खाँ साहेबांची मारवा आणि दरबारीची जुनी रेकॉर्ड ज्यांनी ऐकली असेल त्यांना कळेल की विलंबित लय आणि न सापडणारे घर मिळून माणसाचे काय करतात. आम्ही नातीला ती ऐकवली. ती म्हणाली, "आबाजी, हे तर डूमच आहे." आम्ही रागावलो नाही. थोडेसेच रागावलो.

आता त्या खरखरीबद्दल, कारण वडिलांच्या पिढीचा सगळा राग तिच्यावर असतो. गिटारचा आवाज इतका ताणलेला, फाटलेला का? यंत्राला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त आवाज दिला की ध्वनिलहरीची शिखरे कापली जातात आणि मूळ स्वरावर कितीतरी नवे उपस्वर उगवतात. याला 'डिस्टॉर्शन' म्हणतात, म्हणजे विकृती. आम्हाला हा शब्द अन्यायाचा वाटतो. आपण तंबोऱ्याला काय करतो? घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतो आणि जवारी काढतो. तार घोडीला हलकी घासत राहते आणि एका तारेतून स्वरांचे अख्खे झुंबर लागते. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हे करत आले. दोन्हीकडे युक्ती वेगळी, पण काम उपस्वर वाढवण्याचेच. शुद्ध, सोललेला स्वर दोघांनाही नको आहे.

साम्य इथेच थांबत नाही. मेटलवाले एक जोडस्वर सतत वापरतात, त्याला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. त्यात असते काय? षड्ज आणि पंचम. झाला की नाही तंबोरा! आणि हा षड्ज-पंचम फाटक्या आवाजात एकत्र वाजवला की दोन्हींच्या कंपनसंख्येच्या वजाबाकीचा तिसरा स्वर तयार होतो. हिशेब सोपा आहे. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 82 कंपने देते, तिचा पंचम सुमारे 123. फरक 41. म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली, जो कुणी वाजवलेलाच नाही असा एक खर्ज ऐकू येऊ लागतो. छातीवर जे दडपण येते त्यात याचाही वाटा आहे. डूमवाले तारा अजून उतरवतात, म्हणून त्यांचा खर्ज अजून खाली. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला हे कुठून झेपणार?

आणि तो राक्षसाचा आवाज? तो घसा बसल्याचा आवाज नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर दोन पडदे असतात, एरवी ते बोलण्यात भाग घेत नाहीत. शिकलेला गायक त्यांना कंपवतो. 'शब्द कळत नाहीत' ही तक्रार आम्हीही केली. मग आठवले की तराण्यातले शब्द आपल्याला कुठे कळतात, आणि बड्या ख्यालाची बंदिश किती गवई स्वच्छ उच्चारतात! इथे आवाज हे एक वाद्य आहे. बीभत्साचे वाद्य म्हणा हवे तर.

आता आम्ही आमच्या मुद्द्यावर येतो. हा मुद्दा आम्हाला कोणत्या पुस्तकात सापडला नाही, तेव्हा चुकला तर आमचाच.

भरताच्या नाट्यशास्त्रात, नटाने संवाद कसे म्हणावेत हे सांगताना, कोणत्या रसाला कोणती लय हे दिले आहे. शृंगार आणि हास्य यांना मध्य लय. करुणाला विलंबित. आणि वीर, रौद्र, अद्भुत, बीभत्स, भयानक यांना द्रुत. पटण्यासारखे आहे. भ्यालेला माणूस धावतो, चिडलेला झपाझप बोलतो, किळस आली की आपण झटकन मान फिरवतो. दुःखी माणूस तेवढा हळू चालतो, हळू बोलतो. नेहमीचे धावते मेटल या यादीत नीट बसते. रौद्र आहे, वीर आहे, लय द्रुत आहे. भरतमुनींची काही हरकत नसावी.

डूमवाले काय करतात? सामान सगळे भयानकाचे आणि बीभत्साचे घेतात : प्रेते, दलदल, मृत्युदेवता, घोगरा आवाज, तीव्र मध्यम. आणि लय मात्र करुणाची लावतात. आता भीतीचे काय होईल? भीती ही पळण्यासाठी असते. तिला वेग काढून घेतला, आठ-दहा मिनिटे एकाच जागी उभे केले, तर ती भीती राहत नाही. समोर जे आहे ते बघावेच लागते. बघता बघता त्याची भीती ओसरते आणि खाली साचलेला शोक वर येतो. म्हणून आम्ही याला विलंबित भीती म्हणतो. दाराबाहेरच्या वडिलांना भयानक ऐकू येते. आतला पोरगा, बहुतेक, करुण ऐकत असतो. दोघांचेही कान ठीक आहेत.

हे संथ होणे त्यांच्या लोकांनाही सुरुवातीला रुचले नव्हते. अमेरिकेतला ब्लॅक फ्लॅग हा बँड दीड-दोन मिनिटांच्या वेगवान गाण्यांसाठी प्रसिद्ध. 1984 च्या 'माय वॉर' अल्बमच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी सहा-सहा मिनिटांच्या वर जाणारी तीन संथ गाणी टाकली. चाहते वैतागले. पण त्या वैतागातून काहींनी धडा घेतला. वॉशिंग्टन राज्यातल्या मेल्व्हिन्स बँडने 1987 ला 'ग्लूई पोर्च ट्रीटमेंट्स' काढला आणि स्लजची पायवाट पडली. पुढे न्यू ऑर्लिन्स या दमट, दलदलीच्या शहरात आयहेटगॉड, क्रोबार यांनी ती रुंद केली. आयहेटगॉडचा 1993 चा 'टेक ॲज नीडेड फॉर पेन' आम्ही पूर्ण ऐकू शकलो नाही हे प्रांजळपणे सांगतो. नाव औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचनेसारखे आहे, पण आम्हाला मात्रा झेपली नाही.

वातावरणाची बाजू ओकलंडच्या न्यूरोसिसने मोठी केली. 1996 चा 'थ्रू सिल्व्हर इन ब्लड' ऐकताना ढोलांची एकच चाल इतका वेळ चालते की आपल्याकडच्या दंडारीत रात्र चढत जाते त्याची आठवण झाली. स्वीडनमधल्या उमेओचा कल्ट ऑफ लूना हा त्याच वाटेवरचा. त्यांचा 2006 चा 'समव्हेअर अलाँग द हायवे' आमचा आवडता झाला आहे. पहिल्यांदा या वाटेला जाणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. त्यात शांत जागा भरपूर आहेत, श्वास घेता येतो.

पण ज्याने आम्हाला हा विषय खऱ्या अर्थाने कळला तो अल्बम सिॲटलच्या बेल विच या जोडीचा, 2017 चा 'मिरर रीपर'. दोनच माणसे. एक बास गिटार, एक ढोल. साधी गिटार नाहीच. आणि गाणे एकच, त्र्याऐंशी मिनिटांचे. हा अल्बम घडत असताना त्यांचा आधीचा ढोलवादक आणि गायक एड्रियन गेरा 2016 ला वारला. जोडीतल्या उरलेल्या माणसाने नवा साथीदार घेऊन काम पुरे केले, आणि गेराने पूर्वी गाऊन ठेवलेला, कुठे न वापरलेला आवाज या गाण्याच्या मध्यभागी ठेवला. म्हणजे चाळीसेक मिनिटे तुम्ही त्या संथ ठोक्यांतून चालत जाता आणि तिथे मेलेला माणूस स्वतः गात असतो. मग तो थांबतो. आणि अजून तेवढेच चालायचे उरलेले असते.

लोक म्हणतील, त्र्याऐंशी मिनिटे कोण ऐकणार? झाडीपट्टीच्या माणसाने तरी असे म्हणू नये. दिवाळीनंतर धान घरी आले की रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत बघणारे आपण. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या कोणाच्या जिवावर चालतात? आणि एखाद्याच्या घरी मृत्यू झाला तर तेरा दिवस आपण घड्याळ बघत नाही. बघत नव्हतो, असे म्हणू. आता तीन दिवसांत आटोपतात. चौथ्या दिवशी कार्यालयातून फोन येतो. शोकाला लागणारा वेळ कमी झालेला नाही, त्याला मिळणारा वेळ कमी झाला. तो वेळ पोरे हेडफोनमध्ये शोधत असतील तर त्यात आम्हाला नवल वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे वाजते. मुंबईचा डॉर्मंट इन्फर्नो हा बँड 2011 पासून ध्वनिमुद्रिका काढतो आहे. पण आमच्या विषयाला नेमका बसतो तो मुंबई-पुण्याकडचा डर्ज. डर्ज म्हणजे मृत्युगीत. त्यांचा 2018 चा अल्बम 'आह पुच'. हे माया संस्कृतीतल्या मृत्युदेवतेचे एक नाव. माया लोक आणि स्पॅनिश आक्रमण हा विषय. एका गाण्याच्या नावात दलदल आहे, दुसऱ्याच्या नावात कोर्तेसचे प्रेत. (कोर्तेसची मुख्य लढाई अझ्टेकांशी झाली, पण तो मायांच्या मुलखातूनही गेला होता, तेव्हा सवलत देऊ.) आम्ही नातीला विचारले, मराठी मुलखातल्या पोरांना मेक्सिकोकडची प्रेते कशाला? इथे कमी आहेत? ती म्हणाली, "इथलं म्हटलं की लगेच कोणाचं, कोणत्या जातीचं, कोणी मारलं हे सुरू होतं ना आबाजी." आम्ही गप्प झालो. अभिनवगुप्ताला यासाठी बराच मजकूर लिहावा लागला होता. रसात 'हे माझे, हे शत्रूचे' हा भेद गळावा लागतो, त्याला साधारणीकरण म्हणतात. दूरची प्रेते त्या कामाला बरी पडतात.

त्यांचा दुसरा अल्बम 2022 चा, नुसता 'डर्ज' या नावाचा. मोजकी, लांब गाणी. इथे देवता नाहीत, इतिहास नाही. एका गाण्याचे नाव सरळ 'ग्रीफ', शोक. पहिल्या अल्बमपेक्षा हा आम्हाला जास्त पिकलेला वाटतो : थांबण्याच्या जागा त्यांना कळल्या आहेत, आणि एखादा रिफ आवडला म्हणून तो ताणत नाहीत, पुरता ओसरेपर्यंत मात्र सोडत नाहीत. बंगळूरलाही असे बँड आहेत. त्यांतल्या एकाचे नाव बेवार सी. लिहिताना इंग्रजी, पण बोलून बघा. आपल्या 'बेवारशी'चाच कन्नड भाऊ आहे तो.

आता चिठ्ठीकडे. शोक ऐकणारा माणूस शोकात बुडतो का?

यावर आपल्याकडे एक मत नाही, आणि ते बरे आहे. बाराव्या शतकातले रामचंद्र आणि गुणचंद्र हे जैन आचार्य नाट्यदर्पणात म्हणतात की करुण खरेच दुःखाचा असतो. प्रेक्षक येतो तो कवीच्या आणि नटाच्या कौशल्यासाठी. आपल्या न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली : आपण दुसऱ्यात शिरतोही आणि स्वतःही राहतो. आणि नागपूरचे सुरेंद्र बारलिंगे यांनी रस प्रेक्षकाच्या मनातून काढून रंगमंचावर, कलेच्या माध्यमात नेऊन ठेवला. पारंपरिकांना ते मानवले नाही. पण चिठ्ठी देणाऱ्या वडिलांना आम्ही आज बारलिंगेच ऐकवू : शोक त्या संगीतात आहे, म्हणून तो तुमच्या पोराच्या आत आहेच असे ठरत नाही. संगीतावरून रोगाचे निदान करू नका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात 2015 ला एक छोटा प्रयोग झाला. मेटल ऐकणाऱ्या 39 जणांना आधी चिडवले, मग काहींना त्यांचे संगीत ऐकू दिले, काहींना नुसते बसवले. संगीताने राग वाढला नाही. माणसे थोडी, आणि प्रयोग रागावर होता, शोकावर नव्हता. तेव्हा आम्ही त्यावर फार भार टाकत नाही.

मात्र अभिनवगुप्ताने रसाला येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यातले एक इथे महत्त्वाचे. स्वतःच्या सुखदुःखात माणूस इतका पराधीन झालेला असतो की समोरचे नाटक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. याला रस होत नाही. म्हणजे प्रश्न 'तो काय ऐकतो' हा नाही, 'तो ऐकतो का' हा आहे. तुमच्या पोराला विचारा, कालच्यापेक्षा आज कोणता अल्बम ऐकतोस, यातला ढोलवाला कसा आहे, हा भाग पुन्हा का वाजवलास. तो बोलू लागला, भांडू लागला, 'बाबा तुम्हाला काही कळत नाही' म्हणाला, तर तो ऐकतो आहे. आणि उत्तरच येत नसेल, जेवण सुटले असेल, रात्र-रात्र झोप नसेल, जगण्यात अर्थ नाही असे तोंडातून निघत असेल, तर ती गोष्ट संगीताची नाहीच. तेव्हा हेडफोनशी भांडत दिवस घालवू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, 14416 वर फोन लागतो, मराठीतही बोलतात. यात लाज नाही. आम्ही रसशास्त्राचे मास्तर आहोत, वैद्य नाही.

पण काढून घेऊ का, असे तुम्ही विचारले आहे, म्हणून एक सांगायचे राहते. आम्ही एकदा काढून घेतले होते. नव्वदीच्या दशकात आमचा मुलगा बारावीला होता. ब्लॅक सॅबथच्या 'पॅरानॉइड'ची कॅसेट दिवसरात्र लावायचा. आम्ही कॉलेजात करुणरस शिकवून घरी यायचो आणि घरी हे. एका संध्याकाळी टेपमधून काढली आणि आमच्या कपाटात ठेवली. परीक्षा झाल्यावर देतो म्हणालो. तो काही बोलला नाही. परीक्षा झाली, तो इंजिनिअरिंगला गेला, नोकरी, लग्न, पोरगी. द्यायचे राहून गेले. त्यानेही मागितली नाही. आमच्याशी तो नेहमी आदराने बोलतो. संगीतावर मात्र कधी बोलला नाही.

22 जुलै 2025 ला त्या बँडचा गायक ऑझी ऑसबोर्न गेला. सतराच दिवस आधी बर्मिंगहॅमच्या मैदानावर त्याने शेवटचा कार्यक्रम केला होता. उभे राहता येत नव्हते, खुर्चीत बसून गायला. बातमी आली त्या सकाळी मुलाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, "बाबा, माझी ती कॅसेट तुमच्या कपाटात असेल का अजून?"

होती. जुन्या उत्तरपत्रिकांच्या खाली. वाजवायला टेप मात्र चालू नव्हता. चिठ्ठी आली तेव्हा ती कॅसेट आमच्या टेबलावर होती, म्हणून ती खिशात ठेवून देणे जमले नाही. दिवाळीत तो आला तेव्हा आम्ही दोघांनी ओसरीत बसून, नातीच्या स्पीकरवर, तोच अल्बम पहिल्यापासून ऐकला. तो मधून मधून सांगत होता, आता इथे गिटार बदलेल, आता इथे थांबेल. त्याला सगळे पाठ होते.

तर काका, तुम्ही आज आला आहात हे आम्ही बघितले. हेडफोन काढून घेऊ नका. शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, एक मला पण लाव. दहा मिनिटे ऐका. नाही आवडले तर नाही आवडले म्हणा, खोटे बोलू नका, पोरांना लगेच कळते.

आता आपण डर्जच्या दुसऱ्या अल्बममधले 'ग्रीफ' ऐकू. मागच्या भिंतीजवळचे पंखे जरा बंद करा, खालचे स्वर त्यात हरवतात. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा ज्यांच्या मांडीवर लहान मूल आहे त्यांनी स्पीकरपासून लांब बसावे. शब्द शोधू नका. सुरुवातीला काही घडत नाही असे वाटेल, उठू नका. दिवे राहू द्या.

(येथे गाणे संपूर्ण ऐकवण्यात आले. त्यानंतरची प्रश्नोत्तरे पुढच्या भागात.)